पिरफेनिडोन आणि निन्टेडॅनिब: आजार एक, पथ्यं दोन

"सुरुवातीला एकच घ्या, आठवड्याने दोन, मग तीन. पोटाला सवय होत जाते." बाबांनी शेजारच्या काकांना हे अगदी मनापासून सांगितलं होतं. दोघांनाही आयपीएफ, म्हणजे फुप्फुसांवर हळूहळू व्रण धरत जाणारा आणि कारण न सापडणारा फायब्रोसिस. दोघंही संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडे ताडून बघणारे. बाबांना पिरफेनिडोन चालू होतं, काकांना नुकतंच निन्टेडॅनिब लिहून दिलं होतं. काकांनी बाबांचं ऐकलं आणि दहा-बारा दिवस रोज एकच कॅप्सूल घेतली. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी स्ट्रिपमधल्या उरलेल्या कॅप्सूल मोजल्या तेव्हा गोष्ट बाहेर आली. निन्टेडॅनिब पायरीपायरीने चढवत नाहीत. नेहमीचा डोस 150 मिलिग्रॅम, दिवसातून दोन वेळा, साधारण बारा तासांच्या अंतराने, आणि तो पहिल्या दिवसापासून. ज्यांच्या लिव्हरमध्ये आधीच थोडा दोष आहे त्यांना, किंवा पुढे त्रास झाला तर, डॉक्टर तो 100 वर आणतात.

काही महिन्यांनी चूक उलट्या बाजूने झाली. बाबा गावी लग्नाला गेले, गोळ्यांचा डबा घरीच राहिला, आणि तीन आठवडे औषध बंद पडलं. फोनवर काकांनी धीर दिला: "राहिलेली सोडून द्यायची, पुढची वेळेवर घ्यायची. मला तसंच सांगितलंय." एखादा डोस चुकला तर मागचा भरून काढायला दुप्पट घ्यायचं नाही, एवढं दोन्ही औषधांना लागू आहे. पण पिरफेनिडोन सलग 14 दिवस किंवा जास्त बंद राहिलं, तर ते पुन्हा पहिल्या पायरीपासून चढवावं लागतं. बाबांनी आल्या आल्या पूर्ण डोस घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाथरूमच्या दाराशी भिंतीला धरून उभे होते, डोळे मिटून, आणि पुढचं पाऊल टाकायला तयार नव्हते. सल्ला प्रेमाचाच होता, फक्त दुसऱ्या औषधाचा होता.

ही दोन औषधं एकमेकांत मिसळली जातात त्याचं मला नवल वाटत नाही. दोघांनाही घरात "फायब्रोसिसची गोळी" म्हणतात. अमेरिकेत दोन्हींना एकाच दिवशी मान्यता मिळाली, 15 ऑक्टोबर 2014 रोजी. जपानमध्ये मात्र पिरफेनिडोन 2008 पासूनच होतं. कामही वरवर सारखंच. झालेले व्रण दोन्हींपैकी एकही पुसत नाही, पुढची घसरण सावकाश करतं. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या निन्टेडॅनिबच्या एका मोठ्या चाचणीत, नुसती बिनऔषधाची कॅप्सूल घेणाऱ्यांची एफव्हीसी, म्हणजे फुंकायच्या टेस्टमधला मुख्य आकडा, वर्षाला सुमारे 240 मिलिलिटरने उतरला. औषध घेणाऱ्यांचा सुमारे 115 ने. पिरफेनिडोननेही उतार असाच मंदावतो.

यातली अवघड गोष्ट अशी की घेणाऱ्याला यातलं काहीच जाणवत नाही. दम तेवढाच लागतो, खोकला तसाच, आणि वर मळमळ नाहीतर जुलाब. जे औषध वाईट वाटायला लावतं आणि बरं वाटू देत नाही, ते लोक गुपचूप बंद करतात. घरच्यांनी हे आधीपासून ओळखून असावं. "काही फरक पडला का?" हा प्रश्न रुग्णाला विचारून उपयोग नाही, त्याचं उत्तर टेस्टच्या कागदावर असतं.

आता फरक. पिरफेनिडोनचा मुख्य शत्रू ऊन. त्वचा उन्हाला इतकी हळवी होते की अर्ध्या तासाच्या बाजारहाटानेही मान, हाताच्या पाठी आणि पावलांचे वरचे भाग लाल होऊन चुरचुरू शकतात. विदर्भातल्या मे महिन्यात हे कुणीही पाळेल. फसायला होतं ते पावसाळ्यात आणि हिवाळ्यात. ढगांतून आणि गाडीच्या बाजूच्या काचेतूनही त्रास देणारे किरण येतात. पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी किंवा छत्री, आणि एसपीएफ 50 चं, यूव्हीए व यूव्हीबी दोन्ही अडवणारं सनस्क्रीन, हे रोजचं झालं पाहिजे. सत्तरीच्या माणसाला सनस्क्रीन लावायला लावणं सोपं नाही. आमच्याकडे आईने ती ट्यूब दाढीच्या सामानात ठेवली, तेव्हा ते सुरू झालं. डॉक्सिसायक्लिनसारखी जी अँटिबायोटिक्स स्वतःच उन्हाचा त्रास वाढवतात, ती कुणी लिहून दिली तर पिरफेनिडोन चालू असल्याचं तिथल्या तिथे सांगायचं. अंगावर पुरळ उठलं, ओठ किंवा चेहरा सुजला, तर वाट न बघता डॉक्टरांना फोन.

निन्टेडॅनिबला उन्हाचं असं पथ्य नाही. त्याचा त्रास पोटात. चाचण्यांत दर दहांपैकी सहा जणांना जुलाब झाले, बहुतेकांना पहिल्या काही महिन्यांत. म्हणून हे औषध घरात येतं त्याच दिवशी ओआरएसची पाकिटं यायला हवीत, आणि जुलाब थांबवणारं लोपेरामाइड कधी घ्यायचं, किती घ्यायचं, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यायला हवं. जुलाब अंगावर काढले की शरीरातलं पाणी जातं, म्हाताऱ्या माणसाच्या किडनीवर ताण येतो. डोस थोडे दिवस थांबवणं किंवा कमी करणं हा उपचाराचाच भाग आहे, पण तो निर्णय डॉक्टरांचा.

इथे आपल्याकडची एक सवय फार महागात पडू शकते. पोट बिघडलं की मेडिकलमधून सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकची स्ट्रिप आणायची. निन्टेडॅनिबमुळे झालेल्या जुलाबांवर तिचा उपयोग नाही, कारण तिथे जंतू नसतात. आणि पिरफेनिडोन घेणाऱ्याने ती घेतली, तर लिव्हरमधलं जे एन्झाइम पिरफेनिडोनचा निचरा करतं तेच अडतं. मोठ्या डोसच्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनने रक्तातलं पिरफेनिडोन सुमारे 80 टक्क्यांनी वाढल्याचं मोजलं गेलं आहे. फ्लुवोक्झामिन हे मानसिक आजारावरचं औषध तर पिरफेनिडोनसोबत चालतच नाही. विडी-सिगारेटचं नेमकं उलटं: धुरामुळे ते एन्झाइम जास्त जोराने चालतं आणि पिरफेनिडोन निम्म्यावर येतं. घरच्यांना चोरून दिवसाला चार ओढणारा माणूस महागडं औषध अर्धं वाया घालवत असतो.

निन्टेडॅनिबची वाट वेगळी, म्हणून त्याची न जमणारी मंडळीही वेगळी. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन त्याची रक्तातली पातळी निम्म्यावर आणतं. फिटवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधंही ती खाली ओढतात. बुरशीवरचं केटोकोनाझोल आणि एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक ती पातळी वाढवतात. आपल्याकडे टीबी आणि फायब्रोसिस एकाच छातीत असणं काही दुर्मीळ नाही, तेव्हा टीबीची फाइल आणि फायब्रोसिसची फाइल एकाच डॉक्टरांसमोर उघडी राहायला हवी. निन्टेडॅनिबने रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो. अँजिओप्लास्टी झालेले, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे, दात काढायला किंवा ऑपरेशनला निघालेले, या सगळ्यांनी ते आधी सांगायचं. पोटात अचानक असह्य दुखलं किंवा छातीत दुखलं तर सरळ कॅज्युअल्टी.

आणखी एक गोष्ट, जी फार हळू आवाजात सांगितली जाते. आयपीएफ बहुतेक साठीनंतरच्यांना होतो, पण निन्टेडॅनिब स्क्लेरोडर्मा या कातडी कडक करणाऱ्या आजारामुळे झालेल्या फुप्फुसांच्या फायब्रोसिसवरही देतात, आणि स्क्लेरोडर्मा तरुण बायकांनाही होतो. पोटातल्या बाळाला या औषधाने इजा होऊ शकते. सुरू करण्याआधी गरोदरपणाची टेस्ट, औषध चालू असेपर्यंत आणि बंद केल्यावर निदान तीन महिने खात्रीचं गर्भनिरोधक. डॉक्टर घाईत असतील, तर लाजून गप्प बसू नका, तुम्हीच विचारा.

दोन्ही औषधं जेवणासोबत घ्यायची, पण कारणं वेगळी. पिरफेनिडोन भरल्या पोटी घेतलं की ते रक्तात एकदम चढत नाही आणि मळमळ, चक्कर कमी होते. निन्टेडॅनिब जेवणासोबत जास्त चांगलं शोषलं जातं आणि पोटालाही सोसतं. ते दोन वेळचं, त्यामुळे आपल्या दोन जेवणांत बसतं. पिरफेनिडोन तीन वेळचं, आणि घोटाळा होतो तो सकाळी: चहा-बिस्किटावर गोळी, मग नऊ वाजता डोकं गरगरतं, मग अकराचं जेवण नको होतं. चहा-बिस्किट हे खाणं नव्हे. पोळी, उपमा, आदल्या रात्रीचा फोडणीचा भात, काहीतरी दातांखाली यायला हवं, आणि गोळी त्याच्या मधोमध. चतुर्थी-एकादशीला कडक उपास करणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलून ठेवावं. आमच्या बाबांनी साबुदाण्याच्या खिचडीसोबत गोळी चालू ठेवली. निन्टेडॅनिबची कॅप्सूल मऊ असते. ती चावायची नाही, फोडायची नाही, पाण्याबरोबर अख्खी गिळायची.

पिरफेनिडोनच्या बाबतीत "एक गोळी" हे माप धरूच नका. परदेशात ते 267 मिलिग्रॅमच्या मापात निघालं आणि पूर्ण डोस दिवसाला 2403 मिलिग्रॅम. जपानमध्ये कमाल 1800. आपल्याकडे 200, 400, 600 अशा गोळ्या मिळतात. दुकानदाराने 200 संपली म्हणून 600 ची स्ट्रिप दिली आणि रुग्णाने सवयीने तेवढ्याच गोळ्या घेतल्या, तर डोस तिप्पट होतो. कंपनी बदलली की गोळीचा रंगही बदलतो. रंग लक्षात ठेवू नका, मिलिग्रॅमचा आकडा वाचा.

लिव्हरची तपासणी दोघांनाही चुकत नाही, वेळापत्रक तेवढं निराळं. सुरू करण्याआधी एकदा. मग पिरफेनिडोनला पहिले सहा महिने दर महिन्याला, निन्टेडॅनिबला पहिले तीन महिने दर महिन्याला. त्यानंतर दोन्हींना दर तीन महिन्यांनी. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. आणि याच काळात कुणी प्रेमाने गुळवेलीचा काढा आणून दिला तर नम्रपणे बाजूला ठेवावा, असं माझं मत आहे. 2021 मध्ये मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही. वाद चालू राहो, पण ज्या लिव्हरची आपण दर महिन्याला रक्त काढून राखण करतो, तिच्यावर आणखी ओझं कशाला?

इंटरनेटवर निन्टेडॅनिब शोधलं की ते फुप्फुसाच्या कॅन्सरसाठीही वापरतात असं दिसतं. काकांच्या सुनेने ते वाचलं आणि दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. सगळ्यांना वाटलं, आपल्यापासून काहीतरी लपवलंय. ते खरं आहे की युरोपात दुसऱ्या नावाने, दुसऱ्या डोसमध्ये आणि केमोथेरपीच्या जोडीला ते एका प्रकारच्या कॅन्सरवर देतात. म्हणून फायब्रोसिसच्या रुग्णाला कॅन्सर आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

गेल्या पावसाळ्यात बाबांचं वजन उतरत गेलं, अन्न पुढ्यात आलं की ते तोंड फिरवायचे, आणि डॉक्टरांनी पिरफेनिडोन थांबवून निन्टेडॅनिब सुरू केलं. एक सोसलं नाही तर दुसरं देऊन बघतात, त्यात हार मानण्यासारखं काही नाही. मध्ये किती दिवस ठेवायचे तेही डॉक्टरांनीच सांगितलं. घरी आल्यावर आईने पहिलं काम केलं ते उरलेल्या जुन्या स्ट्रिपा डब्यातून काढण्याचं, म्हणजे चुकून दोन्ही एकदम घेतली जायला नकोत. मग फ्रिजवर दोन वर्षं चिकटवलेला कागद खरवडून काढला, ज्यावर सकाळ, दुपार, रात्र आणि खाली मोठ्या अक्षरात "टोपी" असं लिहिलं होतं. नवा कागद लिहायला या वेळी काका येऊन बसले.