थंडाने दात शिवशिवतात की दाढ किडलीये? घरातल्या घरात फरक कसा ओळखायचा

नागपुरात ऊन तापायला लागलं की फ्रीजचं पाणी, बर्फाचा गोळा, लिंबू सरबत सगळं सुरू होतं आणि घरात कोणीतरी एकजण गालावर हात ठेवून म्हणतोच, "थंड लागलं की दात दुखून राहिला." मग मेडिकल स्टोअरमधून सेन्सिटिव्हिटीवाली पेस्ट येते, एकच ट्यूब आजीपासून नातवापर्यंत सगळे वापरतात आणि विषय तिथेच संपतो. माझं कळकळीचं सांगणं आहे की ती पेस्ट आणायच्या आधी दोन मिनिटं थांबून बघा, नुसते दात शिवशिवतायत की दाढ किडलीये, कारण दोन्हीची सुरुवात थंड पाण्यानेच होऊ शकते पण पुढे दोन्हीचं फार वेगळं होतं. शिवशिवणं बरेचदा घरी काळजी घेऊन कमी होतं, पण कीड लागून एकदा खड्डा पडला की तो कुठल्याच पेस्टने भरत नाही, तो आत आत जातच राहतो.

सगळ्यात कामाची खूण म्हणजे कळ किती वेळ टिकते. शिवशिवणं असेल तर पाणी लागल्या लागल्या जोरात सणक येते आणि घोट गिळला की काही सेकंदात जाते पण. कीड नसेजवळ पोचली असेल तर पाणी गिळून झालं तरी दाढ ठणकतच राहते, अर्धा मिनिट, दोन मिनिटं, कधी त्याहून जास्त. काही खाल्लं प्यायलं नाही आणि तरी रात्री आडवं झाल्यावर आपोआप ठणका सुरू झाला, झोपेतून उठवलं, तर ती सेन्सिटिव्हिटी नाहीच. आणि एक गोष्ट लोक हमखास उलटी समजतात, गरम चहाने दुखतं पण थंड पाणी तोंडात धरलं की बरं वाटतं, म्हणजे थंडाचा त्रास नाही, म्हणजे काळजी नाही. असं होत असेल तर त्या दाढेची नस बहुतेक पूर्ण खराब होत आलेली असते, त्याच दिवशी डेंटिस्टकडे जा.

दुसरी खूण, कुठे दुखतं. शिवशिवतात ते बहुतेक तीन-चार दात एकदम, वरच्या-खालच्या सुळ्याच्या आजूबाजूचे, आणि हिरडीला लागून. किडीचं दुखणं एका दाढेत असतं, तिथे घास अडकतो, गोड खाल्लं की कळ येते, दोन दातांच्या मधे कीड असेल तर फ्लॉस करताना धागा दर वेळी तिथेच अडकून तुटतो. घास चावताना एकच दाढ दुखत असेल तर कीड, दाताला गेलेली चीर किंवा मुळाशी झालेला पू, यापैकी काहीही असू शकतं, ते पेस्टचं काम नाही.

आता असं होतं का ते. दाताच्या वरचं कडक आवरण म्हणजे इनॅमल, त्याला संवेदना नसते. त्याच्या खालच्या थरात अतिशय बारीक नळ्या असतात, त्यात द्रव असतो, आणि त्या नळ्या उघड्या पडल्या की थंड लागल्याबरोबर तो द्रव हलतो आणि नसेला कळ जाते. शिवशिवण्यात दात किडलेला नसतो, फक्त आवरण झिजलेलं असतं किंवा हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलेलं असतं. आरशासमोर उभं राहून ओठ वर करा आणि सुळ्याच्या मागच्या दाताच्या गळ्याशी, म्हणजे हिरडीच्या अगदी काठावर, हलकेच नख फिरवा. नख एका आडव्या खाचेत अडकलं आणि तिथेच झण्णकन झालं, तर ती झीज आहे. कडक ब्रशने आडवं-आडवं जोर लावून घासल्याने अशी खाच पडते, आणि गुल-गुडाखूने, म्हणजे तंबाखूच्या दंतमंजनाने, दात घासणाऱ्यांकडे तर मी हे फार बघते.

खर्र्याबद्दल, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याच्या घोटलेल्या मिश्रणाबद्दल, वेगळं सांगायलाच पाहिजे, कारण आपल्याकडे तो पानठेल्यापानठेल्यावर घोटून मिळतो. त्यातली सुपारी रोज चावून चावून दाढा वरून सपाट होतात, आतला पिवळा थर उघडा पडतो आणि थंड-गरम सगळंच लागायला लागतं. अशा माणसाला पेस्ट देऊन काही होत नाही, खर्रा सुटला पाहिजे. त्यातही तोंड पूर्ण उघडत नसेल, गालाच्या आत पांढरट चट्टा असेल किंवा तिखट अजिबात सोसत नसेल तर दाताचा विषय बाजूला ठेवून आधी तोंड तपासून घ्या, प्लीज.

आंबटाचंही असंच. संत्र्याच्या सीझनमध्ये आपण एका बैठकीत पाच-सहा संत्री सोलतो, आणि ते छानच आहे, फक्त त्यानंतर लगेच ब्रश करू नका. आंबटाने इनॅमल थोडा वेळ मऊ पडतं, त्यावर ब्रश चालवला की जास्त झिजतं. साध्या पाण्याने चूळ भरा आणि निदान अर्धा तास जाऊ द्या. ॲसिडिटीने आंबट पाणी वर येत असेल किंवा गरोदरपणात उलट्या होत असतील तरी हेच करायचं.

कीड मात्र जंतूंचं काम आहे, तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि ते आम्ल इनॅमल विरघळवतं. किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं, म्हणून एकदाच बसून खाल्लेल्या संत्रा बर्फीपेक्षा दिवसभर थोडं थोडं चालणारं बिस्किट आणि गोड चहा वाईट. आणि सुरुवातीची कीड दुखतच नाही! खडूसारखा पांढरा डाग, मग तपकिरी, मग खड्डा. तेव्हा कळ लगेच गेली म्हणजे कीड नाहीच असं धरून चालू नका, टिकणारी कळ नक्की वाईट, पण न टिकणारी कळ म्हणजे सुटलो असं नाही.

लहान मुलांच्या बाबतीत तर मी स्पष्टच म्हणेन, पोरगं थंडाने दुखतं म्हणालं तर आधी कीडच समजा. दुधाच्या दातांचं आवरण पातळ असतं, कीड फार लवकर आत जाते. रात्री झोपण्याआधी मोबाईलच्या टॉर्चने मागच्या दाढा बघा. सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे जी नवीन दाढ येते ती पडत नाही, ती आयुष्यभराची आहे, आणि "दुधाचीच आहे, पडेल" म्हणून नेमकी तीच किडू दिली जाते. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि सहापर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइडची साधी पेस्ट पुरे, मोठ्यांची सेन्सिटिव्हिटीवाली ट्यूब डेंटिस्टला न विचारता मुलांना देऊ नका.

आजी-आजोबांकडे दोन्ही एकत्र असतं. हिरडी सरकलेली, म्हणून शिवशिवतं, आणि त्याच उघड्या मुळावर कीडही लागते. बीपीच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, लाळ कमी झाली की कीड वाढते, शुगर असेल तर हिरड्यांचंही लवकर बिघडतं. त्यांना वयाचं आहे म्हणून सोडून देऊ नका.

शिवशिवणंच असेल तर मऊ ब्रश घ्या, हात हलका ठेवा आणि पोटॅशियम नायट्रेटवाली पेस्ट दिवसातून दोनदा वापरा. ती एका दिवसात काम करत नाही, दोन ते चार आठवडे लागतात, आणि ब्रश झाल्यावर पेस्ट नुसती थुंका, खळखळून चूळ भरू नका. महिनाभरात फरक नाही पडला तर दाखवा. किडीत मात्र वाट बघण्यात नुकसानच आहे, आज सिमेंट भरून वाचणारी दाढ काही महिन्यांनी रूट कॅनालवर जाते. लवंग तेलाने थोडा वेळ दुखणं दबतं, कीड थांबत नाही, आणि दुखण्यावरची गोळी कुटून हिरडीवर ठेवू नका, तिथली कातडी भाजते.

खर्चाची भीती असेल तर नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय मेडिकल कॉलेजच्या, आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे, हिंगणा रोडवरही डेंटल कॉलेजं आहेत, गर्दी असते पण तपासणी आणि एक्स-रे नीट होतात. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास व्हायला लागला तर सकाळची वाट बघू नका, रात्री असेल तर रात्रीच कॅज्युअल्टीत न्या.