वाफ्याला पाणी देणे (कोरड्या वसंतात)

वसंतात पावसाने ओढ दिली की वाफ्यातील मातीत मुळांच्या खोलीपर्यंत ओल टिकवण्यासाठी पाणी देण्याची रीत. हवा अजून थंड असल्याने या दिवसांतली टंचाई चटकन जाणवत नाही. वरचा थर मात्र वाऱ्याने सुकत जातो, आणि नुकते पेरलेले बी व कोवळी रोपे नेमकी त्याच थरात असतात.

१ चौ. मी. जागेवर १ लिटर पाणी म्हणजे १ मिमी पाऊस. वाढीला लागलेल्या भाजीपाल्याला आठवड्याला सुमारे २५ मिमी, म्हणजे १० लिटरच्या अडीच झाऱ्या, असा ढोबळ हिशेब धरतात. थंड हवेत कमीही पुरते. एवढे पाणी वाळूच्या जमिनीत साधारण ३० सेंमी खाली उतरते, चिकणमातीत जेमतेम १०–१२ सेंमी. म्हणून हलक्या जमिनीला थोडे थोडे पण लवकर पाणी लागते, तर भारी जमिनीत दोन पाळ्यांत अंतर ठेवता येते.

रोजचा शिडकावा सर्वांत लोकप्रिय आणि बहुधा सर्वांत निरुपयोगी. ओल वरच्या दोन बोटांतच राहून उडून जाते, मुळेही वरच पसरतात आणि एक दिवस खाडा झाला की रोपे माना टाकतात. पाणी दिल्यावर तासाभराने खुरप्याने वीतभर उकरून पाहावे. वरून चिंब दिसणाऱ्या वाफ्यात काळपट थराखाली फिकट, भुसभुशीत कोरडी माती निघणे नवे नाही. फार सुकलेली माती पाणी झटकते. अशा वेळी आधी थोडे शिंपडून, ते मुरल्यावर उरलेले द्यावे.

बियांचे गणित वेगळे. पेरणीआधी बी टाकायच्या सरीतच पाणी घालून, पेरल्यावर वर कोरडी माती लोटली, तर पपडी धरत नाही. त्यानंतर उगवण होईपर्यंत बारीक झारीने वरचा थर ओलसर ठेवावा लागतो. गाजरासारख्या सावकाश उगवणाऱ्या पिकात हे काम दोन-तीन आठवडे चालते.

पाणी शक्यतो सकाळी, बुंध्याशी द्यावे. रात्रभर ओली राहिलेली पाने बुरशीला आमंत्रण देतात. दुपारी कोमेजलेले रोप संध्याकाळी सावरत असेल तर घाई नको. सकाळीही मान खाली असेल आणि माती कोरडी लागत असेल, तर लगेच पाणी द्यावे.

पालापाचोळ्याचे आच्छादन माती ओली व थोडी उबदार झाल्यावरच घालतात. कोरड्या मातीवर घातले, तर पावसाची हलकी सर तेच पिऊन टाकते.