फसाडच्या काचेला आयएसआय मार्क हवाय? लायसन कोणी काढायचं, कागद काय लागतात

टॉवरच्या फसाडची (बाहेरच्या काचेच्या दर्शनी भिंतीची) ऑर्डर आली की कन्सल्टंट पहिलं विचारतो आयएसआय आहे का, आणि आपले प्रोसेसर लोक (साधी सपाट फ्लोट काच घेऊन ती टफन-लॅमिनेट करणारे) बिनधास्त फ्लोट कंपनीचं सर्टिफिकेट मेल करून मोकळे होतात. ते चालत नाही. फ्लोट काचेचं स्टँडर्ड आयएस १४९००, आणि तीच शीट तुमच्या भट्टीत टफन केली (तापवून झटक्यात थंड करून मजबूत केली) किंवा मध्ये पीव्हीबी (प्लॅस्टिकची पातळ फिल्म) घालून लॅमिनेट केली (काचा एकमेकांना चिकटवल्या) की ती सेफ्टी ग्लास झाली, तिला आयएस २५५३ भाग १ लागतो. बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरो, आयएसआय मार्क देणारी सरकारी संस्था) लायसन ज्या पत्त्यावर भट्टी आहे त्या पत्त्याला मिळतं. दोन युनिट असतील तर दोन लायसन.

अर्ज फक्त उत्पादकाला करता येतो, म्हणजे ट्रेडर, फिटिंगवाला, फसाड कॉन्ट्रॅक्टर यांना नाही, त्यांनी मार्क असलेला माल घ्यायचा बस. बाहेरच्या देशातला कारखाना असेल तर त्याची स्कीम वेगळी, त्याला भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो.

अर्ज मानक ऑनलाइन पोर्टलवर, फी १,००० रुपये. जागेचा पुरावा (एमआयडीसीचं वाटपपत्र किंवा भाडेकरार), जीएसटी, उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी), मशिनरीची यादी, प्लांट लेआउट, प्रोसेसचा फ्लो चार्ट, टेस्टिंग इक्विपमेंटची यादी कॅलिब्रेशन सर्टिफिकेटसकट, आणि क्वालिटी बघणाऱ्या माणसाच्या डिग्रीची कॉपी आणि नेमणूकपत्र. फाईल अडते ती बहुतेक कॅलिब्रेशनवरच, कारण सर्टिफिकेटची तारीख उलटून गेलेली असते आणि कोणाच्या लक्षातच नसतं. उद्यम मात्र विसरू नका, मायक्रो-स्मॉल युनिटला मार्किंग फीमध्ये (मार्क वापरण्याची बीआयएसला द्यायची फी) चांगली सूट मिळते.

मग अधिकारी फॅक्टरीत येतो, तुमच्या लॅबमध्ये समोर टेस्ट करायला लावतो. टफन्ड पीस फोडून तुकडे किती बारीक पडले ते एका ठराविक चौकोनात मोजतात, लॅमिनेटेडचा पीस उकळत्या पाण्यात ठेवून बुडबुडे येतात का बघतात. सॅम्पल बाहेरच्या मान्यताप्राप्त लॅबलाही जातं. लॅबचा रिपोर्ट आधीच काढून अर्जाला जोडला तर सोपी पद्धत मिळते आणि वेळ बराच वाचतो, मी तर हाच रस्ता सांगेन.

लायसन आलं की सीएम/एल नंबर (लायसनचा नंबर) मिळतो, तो मार्कसकट प्रत्येक पीसवर हवा. टफन झाल्यावर काच कापता येत नाही की ड्रिल करता येत नाही, त्यामुळे साईझ, भोकं, कडा सगळं भट्टीत जायच्या आधीच उरकायचं, साईटवर "थोडं घासून घेऊ" हा प्रकार नाही.

आता एनर्जीचं. आयएसआय मार्क काच फुटली तर माणसाला किती इजा होईल याच्याशी संबंधित आहे, उन्हाशी त्याचा काही संबंध नाही. ऑफिस टॉवरला (कनेक्टेड लोड, म्हणजे जोडलेला वीजभार, १०० किलोवॅट किंवा जास्त) ईसीबीसी २०१७ (इमारतींच्या ऊर्जाबचतीचा कोड) मध्ये मुंबईसारख्या दमट हवेत उत्तर सोडून बाकी बाजूंना एसएचजीसी (उन्हाच्या उष्णतेचा किती भाग आत येतो) जास्तीत जास्त ०.२७, यू-व्हॅल्यू (आतबाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे काचेतून किती उष्णता जाते) जास्तीत जास्त ३.०, आणि उजेडाचा निदान ०.२७ भाग आत यायला हवा, असं होतं. हे आकडे कोटिंगवाल्या कंपनीच्या डेटाशीटमधून आर्किटेक्टच्या फाईलला जातात, बीआयएसच्या नाही. डीजीयू (मध्ये पोकळी ठेवून जोडलेल्या दोन काचा) करत असाल तर आकडे पूर्ण युनिटचे मागा, सुट्या काचेचे देऊन लोक फसवतात. फायर ब्रिगेडची एनओसी तिसरी भानगड, ती बिल्डरची.

घेणाऱ्यांनी बीआयएस केअर अ‍ॅपवर सीएम/एल नंबर टाकून बघावा, लायसन चालू आहे की संपलंय आणि पत्ता त्याच युनिटचा आहे का ते तिथे दिसतं.