फुटलेल्या पोलादावरच्या खुणा

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका भंगारवाल्याकडून मी बॉयलरची फुटलेली नळी आणली. फाट लांबट, माशाने आ वासल्यासारखी. कडा चाचपल्या तर सुरीसारख्या पातळ. म्हणजे नळी जास्त तापून मऊ पडली, आतल्या वाफेने फुगली, ताणली जाऊन पातळ झाली आणि मग फाटली. गिरण्या आणि साखर कारखाने पाहिलेल्या सोलापूरकराला बॉयलर फुटणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पण धातूच्या हिशेबाने हा प्रकार तसा संथच.

टीएनटीसारखं स्फोटक पोलादाला चिकटून फुटतं तेव्हा सगळंच बदलतं. त्यातली स्फोटलहर सेकंदाला जवळपास 7 किलोमीटर धावते; पोलादातून आवाजसुद्धा 6 किलोमीटरच्या आसपासच जातो. स्फोटकाकडच्या अंगावर तापलेले कण आदळून बारीक खड्डे पडतात आणि वायूंचा झोत पृष्ठभाग धुऊन काढल्यासारखा गुळगुळीत करतो. नुसत्या डोळ्यांना हे खड्डे गंजाचे वाटतील. भिंगाखाली मात्र त्यांची कड वर उचललेली दिसते. गंज धातू खातो, त्याची कड अशी उचलत नाही.

खरी गंमत आत आहे. तुकडा कापून, आरशासारखा पॉलिश करून त्यावर सौम्य नायट्रिक आम्ल फिरवलं की कमी कार्बनच्या पोलादाच्या कणांमध्ये सरळ, समांतर, केसासारख्या रेषा सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. यांना न्यूमन रेषा म्हणतात. 1848 साली त्या प्रथम वर्णिल्या गेल्या त्या उल्केच्या लोखंडात! एरवी ताण आला की स्फटिकाचे थर एकमेकांवरून सरकतात. धक्का फार वेगाचा असेल तर सरकायला उसंत मिळत नाही, आणि स्फटिकाचा एखादा पट्टा आरशातल्या प्रतिबिंबासारखा झटकन उलटतो. तीच ही रेषा. थंड लोखंडावर घणाचा जबर घाव बसला तरी त्या उमटतात, म्हणून नुसत्या रेषांवरून स्फोटकाचा निष्कर्ष काढू नये. खड्डे आणि रेषा दोन्ही जुळायला हवेत.

यंत्रमागाचा शाफ्ट तुटो की कारखान्यातली टाकी फुटो, आपल्याकडे पहिलं काम ठरलेलं: दोन तुकडे जोडून बघायचे, मग वायर ब्रश मारायचा. कृपा करून हे करू नका. तुटलेली तोंडं एकमेकांवर घासली की मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या खुणा चेपतात. तुकडे कोरडे ठेवा, वेगवेगळे गुंडाळा. माझ्या नळीची एक कड कुणीतरी कानशीने घासली आहे. तिथे आता फक्त कानशीचे ओरखडे दिसतात.