जुन्या पूल हीटरचे दुखणे बहुधा पाण्यात असते

अमेरिकेत जुने घर घेणाऱ्या अनेकांच्या वाट्याला मागच्या अंगणातला पोहण्याचा तलाव आणि त्याला जोडलेला गॅसचा हीटरही येतो. तो कुरकुर करू लागला की ‘नवा बसवून टाका’ असा सल्ला लगेच मिळतो. मला हा सल्ला घाईचा वाटतो. तेथील कायद्याने 1990पासून अशा हीटरची किमान कार्यक्षमता 78 टक्के ठरवली आणि 2013मध्ये ती 82 टक्क्यांवर नेली. नियमातला फरक एवढाच आहे, आणि नीट न राखलेला हीटर, नवा असो वा जुना, यापेक्षा जास्त उष्णता धुराबरोबर वाया घालवू शकतो.

रचना साधी असते. खाली बर्नरच्या ज्वाळा, त्यांच्यावर पातळ पत्र्याच्या चकत्या (फिन) जोडलेल्या तांब्याच्या नळ्या, आणि नळ्यांतून पंपाने ढकललेले तलावाचे पाणी. काम मात्र मोठे आहे: पन्नास हजार लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला सुमारे 58 युनिट विजेइतकी ऊर्जा लागते. ही सगळी उष्णता नळ्यांच्या पातळ भिंतीतूनच पाण्यात जात असल्याने, त्या भिंतीच्या आत-बाहेर काय साचले आहे यावर हीटरची तब्येत ठरते.

आतून साचतो तो कॅल्शियम कार्बोनेटचा थर. साखरेसारखे पदार्थ गरम पाण्यात अधिक विरघळतात. कॅल्शियम कार्बोनेटचे नेमके उलट आहे, पाणी तापले की ते पाण्यातून बाहेर पडते. त्यामुळे तलावात नितळ दिसणारे पाणी सर्वांत तापलेल्या नळीवर पांढरा थर सोडत राहते, बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गिझरच्या कॉइलवर चढतो तसाच. तांब्याच्या तुलनेत या थराची उष्णतावाहकता शेकडो पटींनी कमी असते. नळीची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही, ती स्वतःच तापत जाते, तिच्यात पाणी जागच्या जागी उकळू लागते आणि हीटरमधून ठकठक ऐकू येते. असा आवाज आला की हीटर बंद करून, पूर्ण निवल्यावर, नळ्यांच्या टोकाचे झाकण उघडावे आणि बॅटरीच्या उजेडात आत पाहावे. थर असेल तर तो सौम्य आम्लाने निघतो. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येणे थांबले की थर संपला असे समजून नळ्या भरपूर पाण्याने लगेच धुवाव्यात.

दुसऱ्या टोकाला पाणी आम्लधर्मी झाले तर तेच तांबे खाते. सामू, म्हणजे पीएच, 7.2 ते 7.8 या दरम्यान असावा. क्लोरीनच्या ट्रायक्लोर गोळ्यांच्या द्रावणाचा सामू तीनच्या आसपास असतो. या गोळ्या स्किमरमध्ये, म्हणजे तलावाच्या काठावरून पाणी पंपाकडे ओढून घेणाऱ्या भांड्यात, ठेवल्या तर पंप सुरू होताच ते पाणी सरळ हीटरमध्ये शिरते. म्हणून गोळ्यांचे पात्र हीटरमधून पाणी बाहेर पडल्यानंतरच्या नळीवर असावे आणि मध्ये पाणी उलट येऊ न देणारी झडप असावी. सोनेरी केस तलावात हिरवट झाले की लोक क्लोरीनला दोष देतात, पण तो रंग पाण्यात विरघळलेल्या तांब्याचा असतो, आणि ते तांबे बऱ्याचदा हीटरमधले असते. पाणी थर टाकणार की असलेला थर विरघळवणार, हे सांगणारा निर्देशांक विल्फ्रेड लँगेलिअर यांनी 1936मध्ये मांडला. तो शून्याच्या जवळ ठेवणे हे माझ्या मते कोणत्याही सुट्या भागापेक्षा मोलाचे आहे.

नळ्यांच्या बाहेरच्या बाजूला प्रश्न वाफेचा असतो. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि साधारण 55 अंशांखालच्या पृष्ठभागावर तिचे थेंब होतात. हंगामाच्या सुरुवातीला, पाणी थंडगार असताना, हीटरखाली थोडे ठिबकले तर ती गळती नसते. मात्र पाणी कोमट झाल्यावरही ठिबकणे थांबले नाही, तर नळ्यांतून किती पाणी जावे हे ठरवणारी आतली बायपास झडप तपासावी. ती बिघडली की नळ्या गरजेपेक्षा थंड राहतात, आणि आम्लधर्मी थेंबांनी चकत्या गंजून त्यांवर काजळी धरते.

हीटर पेटतच नसेल तर सुरुवात फिल्टरपासून करावी. तो तुंबला की पाण्याचा दाब घटतो आणि प्रेशर स्विच, त्याचे कामच ते असल्याने, गॅस सुरू होऊ देत नाही. सतत तेवणारी पायलट ज्योत असलेल्या जुन्या प्रकारांत बाहेरून वीज लागत नाही. ज्योतीने तापलेले थर्मोपाइल साधारण 750 मिलिव्होल्टपर्यंत विद्युतदाब निर्माण करते आणि त्यावरच गॅसची झडप उघडते. भौतिकशास्त्रज्ञ थॉमस सीबेक यांनी 1821मध्ये पाहिलेल्या, तापमानातल्या फरकातून वीज निर्माण होण्याच्या परिणामाचा हा उपयोग आहे. मल्टिमीटरवर आकडा फारच कमी दिसला तर महागडी झडप बदलण्याआधी पायलटचे छिद्र पाहावे. त्यात कोळ्याचे जाळे अडकून ज्योत मलूल झालेली असू शकते.

ज्वाळा निळ्याऐवजी पिवळ्या आणि लोळणाऱ्या दिसल्या, तर हीटर तत्काळ बंद करावा, कारण अपुऱ्या ज्वलनातून विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅसची झडप आणि बर्नर हे परवानाधारक तंत्रज्ञाचेच काम आहे. नळीलाच भोक पडून बर्नरवर पाणी पडू लागले असेल, तर नळ्यांचा पूर्ण संच बदलण्याचा खर्च आणि नव्या हीटरची किंमत शेजारी मांडून पाहावी. नवा घेण्याचा विचार तेव्हा रास्त ठरतो.