गाळ विरघळला की गाळ संपला?

आमच्या सोसायटीत सेप्टिक टँकचा गाळ संपवणारी पावडर विकणारा एकजण आला होता, काचेच्या बरणीत गढूळ पाणी, त्यात चमचाभर पावडर, दोन दिवसांनी येऊन दाखवतो तर खालचा गाळ गायब. कमिटी खूश. मी विचारलं, सीओडी (पाण्यातली घाण पूर्ण जाळायला लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप) किती कमी झाला? तर म्हणे, साहेब डोळ्यांनी दिसतंय की!

तर घोळ इथेच आहे. मैला "कुजला" असं आपण सरसकट म्हणतो पण त्यात दोन कामं असतात. पहिलं विरघळवणं, म्हणजे हायड्रोलिसिस. बॅक्टेरियाला तोंड नसतं हो, भाताचं शीत काय किंवा तुपाचा गोळा काय, त्याला गिळता येत नाही, मग तो एन्झाइम बाहेर सोडतो (स्टार्चला अमायलेज, प्रोटीनला प्रोटीएज, तेला-तुपाला लायपेज) आणि बाहेरच तुकडे करून साखर, अमिनो आम्लं असला बारीक माल आत ओढतो. हे काम कणाच्या वरच्या पृष्ठभागावरूनच होतं, म्हणून पिठीसाखर पटकन आणि खडीसाखर सावकाश विरघळते तसंच इथेही, गोळा मोठा तर वेळ जास्त, आणि थंडीत तर अजूनच.

पण गंमत बघा, यात घाण कणभरही कमी होत नाही. 162 ग्रॅम सेल्युलोज 18 ग्रॅम पाणी घेऊन 180 ग्रॅम ग्लुकोज होतं, आणि पूर्ण जाळायला दोघांनाही 192 ग्रॅमच ऑक्सिजन लागतो. म्हणजे सीओडी आहे तिथेच, फक्त जो तळाशी दिसत होता तो आता पाण्यात लपला.

दुसरं काम म्हणजे तो माल खरंच खाऊन टाकणं. एअरेशन टँकमधे (सांडपाण्यात हवा सोडायची टाकी) ब्लोअरची हवा मुख्यतः यासाठी जाते, काही भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडतो आणि बराचसा नवीन बॅक्टेरिया होतो, तोही शेवटी गाळच, उपसावाच लागतो. बिनहवेच्या डायजेस्टरमधे (गाळ कुजवायची बंद टाकी) 1 किलो सीओडी गेला की साधारण 0.35 घनमीटर मिथेन मिळतो. तिथे घट्ट गाळ असेल तर बहुतेक वेळा अडतं ते विरघळण्यापाशीच, म्हणून 35 अंशाला ठेवून पंधरा-वीस दिवस तरी द्यावे लागतात. याउलट डिस्टिलरीचा स्पेंटवॉश (दारू गाळून उरलेलं सांडपाणी) बहुतांशी आधीच विरघळलेला, तिथे नाजूक प्रकरण मिथेन करणाऱ्या जंतूंचं.

सेप्टिक टँकमधे नुसतंच विरघळवलं तर तो माल पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जाणार आणि खड्डा तुंबणार, मग टँकर वाचला म्हणून पेढे वाटायचे का?

पावडर घ्यायचीच असेल तर आधी आणि नंतर दोन-दोन सीओडी करून घ्या, एक आख्ख्या सँपलचा, ढवळून घेतलेल्या, आणि एक फिल्टर केलेल्याचा. फिल्टरचा वाढला आणि आख्खा तेवढाच राहिला तर नुसतं विरघळलंय. आख्खा उतरला तरच पैसे द्या.