घळई आणि व्ही आकाराची दरी: नदीचे काम एकच, काठ वेगळे

डोंगरातून खळाळत उतरणारी नदी आणि दोन्ही बाजूंना चढत गेलेले काठ. अशा जागेला कोणी घळई म्हणतो, कोणी व्ही आकाराची दरी. पाठ्यपुस्तकांत नदीच्या युवावस्थेतली भूरूपे म्हणून ही दोन्ही शेजारीशेजारी असतात. त्यातून एक समज पक्का होतो: नदी फार वेगवान असेल तर घळई, जरा कमी वेगवान असेल तर व्ही दरी. मला हा समज मुळातच चुकीचा वाटतो, कारण दोन्ही ठिकाणी नदी एकच काम करत असते. ती तळ खरवडते.

तेही नुसत्या पाण्याने फारसे होत नाही. पाण्याबरोबर आलेली वाळू आणि गोटे तळाच्या खडकावर घासत जातात. भोवऱ्यात सापडलेले गोटे एकाच जागी गरगरत रांजणखळगे कोरतात आणि खळगे एकमेकांना मिळाले की पात्र आणखी खाली जाते. एवढेच घडत राहिले असते, तर प्रत्येक दरी म्हणजे पात्राच्या रुंदीची उभी फट झाली असती. तसे होत नाही, कारण काठही झिजतात. पाऊस माती धुऊन नेतो, भेगांत गोठलेले पाणी खडक फोडते, दरडी कोसळतात. हा सगळा माल घरंगळत पात्रात येतो आणि नदी तो वाहून नेते. तळ खोल जात असताना काठ असे मागे हटत राहिले, की दरीला व्हीचा आकार येतो. सुटे दगडगोटे साधारण ३५ अंशांच्या आसपासच्या उतारावरच टिकतात, म्हणून अशा दरीचे काठ भिंतीसारखे ताठ राहत नाहीत. नदीही सरळ जात नाही. डोंगराच्या सोंडांना वळसे घालत जाते, त्यामुळे काठावर उभे राहून पाहिले तर सोंडा एकमेकींत गुंतलेल्या दिसतात आणि पुढचे पात्र त्यांच्याआड जाते.

घळईत काठांची ही झीज मागे पडलेली असते, म्हणून तिचे काठ जवळजवळ उभेच राहतात. त्याची कारणे निरनिराळी. खडक संगमरवरासारखा घट्ट असेल तर तो ताठ उभा राहतो. भेडाघाटला नर्मदेच्या दोन्ही बाजूंचे कडे तसेच आहेत. चुनखडकात पावसाचे बरेचसे पाणी भेगांतून आत मुरते, वरून वाहून उतार धुणारे पाणी कमी उरते. फ्रान्समधली वेर्दों नदीची घळई अशा खडकातली. कोरड्या हवामानात उतार धुऊन काढायला पाऊसच पुरेसा नसतो. आणि कधीकधी काठांना वेळच मिळालेला नसतो. नायगारा धबधबा गेल्या सुमारे १२,००० वर्षांत कडा खात खात ११ किलोमीटरच्या आसपास मागे सरकला आणि त्याने मागे घळई सोडली. भूगर्भीय काळाच्या हिशेबात ही कालचीच गोष्ट.

दरी घळई आहे की नाही, हे खोलीवरून मात्र ओळखायला जाऊ नये, तिथे भले भले फसतात. हिमालयातला नंगा पर्वत ८,१२६ मीटर उंच आणि त्याच्या पायथ्याची सिंधू साधारण १,२०० मीटरवर, म्हणजे जवळजवळ सात किलोमीटरचा फरक. पण शिखर आणि नदी यांतले आडवे अंतर वीस-पंचवीस किलोमीटर आहे. सरासरी उतार काढला तर तो २० अंशांच्या आतच येतो, म्हणजे घळईसारखा ताठ नाही. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनचेही तसेच: खोली १.८ किलोमीटरहून थोडी जास्त, रुंदी काही ठिकाणी २९ किलोमीटर. घट्ट चुनखडक आणि वालुकाश्म कड्यांसारखे उभे, मऊ शेलचे थर उतरते, म्हणून काठ पायऱ्यापायऱ्यांचे झाले आहेत. खरी अरुंद चिंचोळी दरी अगदी तळाशी, जुन्या कठीण रूपांतरित खडकात कोलोरॅडो नदीने कोरलेली आहे.

वेगाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. फेसाळणारा, गर्जना करणारा ओढा सखल भागातल्या संथ दिसणाऱ्या नदीपेक्षा सरासरीने वेगवान असतोच असे नाही. दगडधोंड्यांवर आपटण्यात त्याची बरीच शक्ती खर्च होते. अमेरिकन जलशास्त्रज्ञ लूना लिओपोल्ड यांनी १९५३ साली मोजमापांच्या आधारे दाखवून दिले, की खाली जाताना नदीचा सरासरी वेग बहुधा घटत नाही, उलट किंचित वाढतो.

एकाच नदीच्या वाटेवर दोन्ही प्रकार आलटूनपालटून येऊ शकतात, कारण खडक बदलत जातो. प्रत्यक्ष जागी जाता येत नसेल तर स्थलदर्शक नकाशा काढावा. व्ही दरीत समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) पात्रापासून माथ्यापर्यंत साधारण सारख्या अंतराने चढत जातात. घळईत त्या पात्राला चिकटून एकमेकींवर दाटतात आणि कड्याच्या वर गेल्यावर एकदम विरळ होतात.